खालून दिसणारी माशी

काचेचा ग्लास पाण्यानं काठोकाठ भरा, डोळ्यांच्या जरा वर धरा आणि बाजूच्या काचेतून पाण्याच्या पृष्ठभागाकडे खालून बघा. पृष्ठभाग पारदर्शक दिसत नाही. चकचकीत चांदीच्या पत्र्यासारखा दिसतो. आता वरून एक बारीकसं पीस अलगद पाण्यावर सोडा. पिसाचे तंतू जिथे पाण्याला टेकतात, तिथे त्या पत्र्याला छोटे छोटे पोचे पडतात आणि प्रत्येक पोच्यात उजेडाचा ठिपका चमकतो. पीस मात्र नीट दिसत नाही. दिसतात ते त्याचे पाय.

ट्राउट मासा पाण्यावर पडलेल्या किड्याकडे बराच वेळ असाच बघत असतो. म्हणून गळावर पिसं आणि धागे गुंडाळून खोटी माशी बांधायची असेल, तर ती आपल्याला वरून कशी दिसते याला फारसा अर्थ नाही. साताऱ्यात घरी बसून मी अशा माशा बांधतो. त्यातल्या एका प्रकाराबद्दल इथे सविस्तर लिहितो आहे: पाण्यावर तरंगणारी, स्टोनफ्लाय नावाच्या किड्याची नक्कल करणारी माशी.

आधी खरा किडा बघू. दगडाखाली राहणारा म्हणून स्टोनफ्लाय. या लेखापुरतं आपण तिला दगडमाशी म्हणू. तिच्या गणाचं शास्त्रीय नाव प्लेकॉप्टेरा, म्हणजे घडी घातलेल्या पंखांची. हिमालयातल्या ओढ्यांत ती भरपूर आहे, पण तिला बघायला तेवढं लांब जायची गरज नाही. सह्याद्रीतल्या ओढ्यांतही तिचे भाऊबंद आहेत. पाऊस ओसरला, महाबळेश्वराच्या किंवा कोयनेच्या वरच्या अंगाचे ओढे नितळ झाले, की खळाळत्या पाण्यातला तळहाताएवढा दगड उचलून उलटा करा. त्याला चिकटून चपटे, तुरुतुरु पळणारे किडे दिसतील. त्यातला दोन शेपट्यांचा किडा असेल तर तो नीट निरखा. मेफ्लाय नावाच्या दुसऱ्या किड्याची पिल्लंही तिथेच असतात, पण त्यांना बहुधा तीन शेपट्या असतात आणि कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना हलताना दिसतात. दगडमाशीचे कल्ले छातीखाली, पायांच्या बगलेत झुपक्यासारखे असतात, आणि प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या. भिंग असेल तर ही नख्यांची खूण सगळ्यात पक्की, कारण मेफ्लायला एकच नखी असते. बघून झालं की दगड होता तसाच परत ठेवा.

या किड्याला प्राणवायू भरपूर लागतो, आणि थंड पाण्यात तो जास्त विरघळतो. १० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम, तर २५ अंशांच्या पाण्यात जेमतेम ८. वर पाणी खळाळतं असेल तर हवा सारखी मिसळत राहते. म्हणून दगडमाशी शोधायची ती डोंगरातल्या वाहत्या ओढ्यात. सांगलीच्या आयर्विन पुलाखालच्या संथ पाण्यात नाही. पाणी घाण झालं की जे किडे सर्वांत आधी नाहीसे होतात त्यांत ही येते. त्यामुळे नदीची तब्येत तपासणारे अभ्यासक जाळी घेऊन आधी हिलाच शोधतात.

आता माशी बांधण्याच्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मेफ्लाय पाण्याच्या पृष्ठभागावर येऊन कात टाकते आणि तिथूनच उडते. दगडमाशी तसं करत नाही. जातीप्रमाणे एक ते चार वर्षं पाण्याखाली काढल्यावर ती चालत काठाला येते, दगडावर नाहीतर गवताच्या पात्यावर चढते आणि तिथे कात टाकून पंख घेऊन बाहेर पडते. तिची रिकामी कात काठावरच्या दगडांना चिकटलेली सापडते. नर आपलं पोट फांदीवर आपटून ठेका धरतात आणि माद्या त्याला उत्तर देतात. हे सगळं काठावर चालतं. मग ती पाण्यावर येते कधी? वाऱ्यानं झुडपावरून खाली पडली तर, किंवा मादी अंडी घालायला आली तर. दोन्ही वेळा तिची अवस्था अवघड असते. चार मोठे पंख असूनही ती जड, बेतानं उडणारी. पाण्यावर पडली की पाय मारते, फडफडते, आणि पंख पाठीवर सपाट मिटून वाहत जाते.

सपाट मिटून, हे लक्षात ठेवा. मेफ्लायचे पंख होडीच्या शिडासारखे उभे, कॅडिस नावाच्या तिसऱ्या एका किड्याचे घराच्या कौलारू छपरासारखे उतरते, आणि दगडमाशीचे एकावर एक ठेवलेल्या पानांसारखे आडवे. तिन्ही माशांची बांधणी वेगळी होते ती यामुळेच.

साताऱ्यात राहून ट्राउटसाठी माशा बांधतो म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: इथे ट्राउट आहे कुठे? इथे नाही. ट्राउटला थंड पाणी लागतं. २० अंशांच्या वर पाणी बराच काळ राहिलं की त्याचे हाल सुरू होतात, आणि आपली कृष्णा उन्हाळ्यात त्याहून सहज गरम होते. तो मुळात भारतातलाही नाही. १८९९ साली ब्रिटनमधून काश्मीरला पाठवलेली ब्राउन ट्राउटची अंडी वाटेतच मेली. १९०० साली स्कॉटलंडहून आलेली खेप जगली. तिथून १९०९ च्या सुमारास तो कुलूकडे पोचला. दक्षिणेत निलगिरी आणि मुन्नारच्या उंच ओढ्यांत रेनबो ट्राउट आहे. मी जातो तो कुलूतल्या तीर्थन नदीवर, वर्षातून एकदा, सुट्टीत. हिमाचलच्या मत्स्य विभागाचा परवाना काढून. नोव्हेंबर ते फेब्रुवारी तिथे ट्राउटची वीण असते आणि मासेमारी बंद असते. बाकीचे महिने माझी नदी म्हणजे हे टेबल.

आता परत ग्लासाकडे येऊ, कारण खरा गाभा तिथे आहे.

दहावीला आपण प्रकाशाचं अपवर्तन आणि पूर्ण आंतरिक परावर्तन शिकलो. पाण्यातून वर बघताना नजरेचा कोन एका मर्यादेपलीकडे तिरका झाला, की बाहेरचं काही दिसतच नाही; पृष्ठभाग आरसा होतो. पाण्यासाठी ही मर्यादा उभ्या रेषेपासून साधारण साडेअठ्ठेचाळीस अंश. याचा अर्थ असा, की माशाच्या बरोब्बर डोक्यावर एक गोल झरोका असतो आणि त्यातूनच त्याला बाहेरचं आभाळ, झाडं, आणि काठावर उभा असलेला माणूस दिसतो. मासा एक फूट खोल असेल तर झरोका सव्वादोन फूट रुंद. वर आला तर झरोका आणखी लहान. झरोक्याबाहेर सगळीकडे आरसा, ज्यात नदीचा तळ उलटा दिसतो.

वाहत येणारी माशी आधी आरशाच्या भागात असते. तिथे माशाला दिसतात फक्त पोचे: पाय, पोट, पिसांची टोकं जिथे पाण्याच्या पडद्याला दाबतात तिथले चमकते ठिपके, आणि पडद्याखाली बुडलेला जो काही भाग असेल तो. ती झरोक्याच्या कडेशी आली की प्रकाश वाकल्यामुळे उंच भाग आधी दिसायला लागतात. मेफ्लायचे उभे पंख लवकर, जणू अंगापासून सुटे, हवेत तरंगताना दिसतात. दगडमाशीचे पंख आडवे असल्यामुळे तसं होत नाही. ती झरोक्यात शिरते तेव्हा आभाळाच्या पार्श्वभूमीवर एक लांबट, जाडसर, काळपट सावली दिसते. रंग त्यानंतर.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी लांबी आणि ठेवण, मग ती पाण्यात किती बसते हे, आणि सगळ्यात शेवटी रंग. नवशिका माणूस नेमका उलटा जातो. पिवळा की नारिंगी यावर तासभर घालवतो आणि माशी मात्र चार पिसांच्या टाचांवर उंच उभी राहते. दगडमाशी उंच उभी राहत नाही. ती पाण्यावर पोट टेकून असते.

बांधायला बसू. गळ लांब दांड्याचा घ्या. गळाचे आकडे उलटे चालतात, आकडा मोठा तितका गळ लहान. अमेरिकेतल्या पश्चिमेच्या नद्यांवर सॅमनफ्लाय नावाची पाच सेंटिमीटरपर्यंतची दगडमाशी निघते. तिच्यासाठी ४ किंवा ६ नंबरचा गळ लागतो. तीर्थनवर मी १० ते १४ च्या मधले वापरतो. गळावरचा उलटा काटा आधीच पकडीनं दाबून सपाट करतो, म्हणजे मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. मग गळ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंज्यात, पकडायचा आणि नेढ्याच्या मागे थोडी जागा सोडून दोरा सुरू करायचा. ही सोडलेली जागा शेवटपर्यंत जपायची. डोकं बांधायला जागा उरली नाही की नेढं बुजतं, आणि नदीवर थंडीनं गारठलेल्या बोटांनी त्यात दोरी ओवता येत नाही. दोऱ्याला मेण लावलं तर पकड चांगली येते. मी मांघरचं मेण वापरतो; महाबळेश्वर तालुक्यातलं हे गाव २०२२ पासून मधाचं गाव म्हणून ओळखलं जातं.

अंगासाठी धाग्यावर तंतू चढवतात. याला डबिंग म्हणतात. पुस्तकांत ते अवघड वाटतं, पण ज्यानं घरात फुलवाती वळताना पाहिल्या आहेत त्याला ते पाच मिनिटांत जमेल. माझी आई समोर बसून वाती वळत असते तेव्हा तिच्या आणि माझ्या बोटांची हालचाल एकच असते: अंगठा आणि तर्जनी, एकाच दिशेला, पुढे-मागे नाही. पुढे-मागे केलं की वळलेलं उलगडतं. आई एकदा म्हणाली, "अरे, कापूस कमी घे, वात बारीक वळ, मग लागली तर दुसरी चढव." डबिंगचा याहून चांगला नियम मला कुठे सापडला नाही. तंतू इतके विरळ घ्यायचे की धागा जेमतेम झाकला जाईल.

कोणते तंतू? लोकर पाणी पिते. माण तालुक्यातल्या घोंगडीची काळी, राठ लोकर पाण्याखाली बुडणाऱ्या नकलेसाठी फार सुंदर आहे, पण तरंगणाऱ्या माशीला ती खाली ओढते. तरी एक गोष्ट मला आवडते. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या मासेमारीवरच्या एका पुस्तकात बारा खोट्या माशांची यादी आहे, आणि त्यात स्टोनफ्लाय आहे. काळ्या लोकरीचं अंग, पंखाखाली आणि शेपटीखाली पिवळी लोकर, बदकाच्या पिसाचे पंख. सव्वापाचशे वर्षांपूर्वीच्या त्या माणसानं किड्याला उलटा करून त्याचं पोट पाहिलं होतं, हे त्या पिवळ्या लोकरीवरून कळतं.

तरंगण्यासाठी पॉलीप्रॉपिलीनचे तंतू घ्या. हे प्लॅस्टिक पाण्यापेक्षा हलकं असतं. बाजारातल्या प्लॅस्टिकच्या सुतळ्यांत काही नायलॉनच्या असतात, काही पॉलीप्रॉपिलीनच्या. पारख सोपी आहे: बोटभर तुकडा ओला करून, आतली हवा दाबून काढून, वाटीभर पाण्यात बुडवून सोडा. वर आला तर आपल्या कामाचा. नायलॉन तळाशी जाईल. उलगडून, विंचरून, बारीक कातरून त्याचं डबिंग होतं. पिवळा किंवा मातकट सोनेरी रंग बरा.

त्यावर येतं पीस. कोंबड्याच्या मानेचं लांब, निमुळतं पीस दांड्याभोवती फिरवलं की तंतू चहूबाजूंनी उभे राहतात आणि पाण्याच्या पृष्ठीय ताणावर माशीला तोलून धरतात. कोंबडीचं चालत नाही. ते मऊ असतं, पाणी धरतं. ब्रॉयलरचंही नाही, कारण तो दीड महिन्यातच कापला जातो आणि मानेचं पीस पिकायला कोंबडा वयात यावा लागतो. दोन वर्षांचा गावठी कोंबडा, तांबूस मानेचा. यात्रेला कोंबडं कापलं की मी मानेचं कातडं मागून घेतो. साबणानं धुवायचं, मीठ लावून सावलीत वाळवायचं, डांबरगोळी घालून डब्यात ठेवायचं. पीस वाकवून बघा. तंतू गळाच्या तोंडाच्या रुंदीपेक्षा थोडे आखूड भरले तर अंगावर गुंडाळायला योग्य. अंग पूर्ण झालं की पीस पुढच्या टोकाला बांधायचं, अंगावरून मागे शेपटीकडे विरळ वेढे देत न्यायचं, आणि मागे आधीच बांधून ठेवलेली केसाएवढी बारीक तार उलट्या दिशेनं पुढे आणत त्यावरून फिरवायची. तार प्रत्येक वेढ्याला छेदते आणि दाबून धरते. हे केलं नाही तर पहिल्याच माशाच्या दातानं पीस तुटून सगळं उलगडतं.

पंखाबद्दल जरा थांबून लिहायला हवं. पाश्चात्त्य खोट्या माशांत पंख बहुधा एल्क नावाच्या हरणाच्या केसांचा असतो. हे केस आतून हवेच्या कप्प्यांनी भरलेले असतात, म्हणून तरंगतात, आणि दोरा घट्ट ओढला की फुलतात. मोंटानाच्या वेस्ट यलोस्टोनमधल्या पॅट बार्न्स यांची सोफा पिलो आणि रँडल कॉफमन यांनी लोकप्रिय केलेली स्टिम्युलेटर, या दोन्ही गाजलेल्या दगडमाशा केसांच्या पंखांवर उभ्या आहेत. पण हे वाचून आपल्याकडे कुणी चितळ-सांबराचे केस शोधायला जाऊ नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी एका माशीसाठी ते करू नये असं मला मनापासून वाटतं. पर्याय स्टेशनरीच्या दुकानात आहे: शाळेच्या प्रकल्पाला मुलं नेतात तो दोन मिलिमीटरचा फोम. त्यातले हवेचे कप्पे बंद असतात, पाणी आत शिरत नाही. केसांचं काम तो करतो, आणि माझ्या मते जास्त टिकतो.

फोमची चार मिलिमीटर रुंद पट्टी अंगाच्या पाठीवर ठेवायची आणि दोऱ्यानं तीन-चार ठिकाणी दाबून बांधायची, म्हणजे पोटाचे खंड तयार होतात. हे करायचं असेल तर मघाचं पीस अंगभर न गुंडाळता फक्त छातीपाशी द्यायचं, आणि तारेची गरज उरत नाही. पहिले दोन वेढे सैल, तिसरा ओढून. एकदम ओढलं तर दोरा फोमला सुरीसारखा कापतो. पट्टीवर पॉलीप्रॉपिलीनचा विंचरलेला झुपका, काडेपेटीतल्या काडीएवढा जाड, पंख म्हणून आडवा बांधायचा. त्याचं टोक गळाच्या वाकाच्या किंचित मागे जायला हवं, कारण खऱ्या माशीचे पंखही पोटापलीकडे जातात. बांधताना डाव्या हाताच्या चिमटीत झुपका घट्ट धरून दोरा सरळ खाली ओढा. चिमूट सैल झाली तर पंख दांड्याभोवती फिरून एका कुशीला जातो, आणि अशी माशी पाण्यावर कलंडते. शेवटी पाय. शिवणकामाच्या इलॅस्टिकच्या आत रबराचे बारीक धागे असतात. ते सोडवून छातीच्या दोन्ही बाजूंना एकेक बांधा. पाण्यात ते आपोआप थरथरतात.

आता कात्री घ्या आणि छातीवरच्या पिसाचे खालच्या बाजूचे तंतू गळाच्या तोंडाशी सपाट कापा. सुंदर गोल पीस कापताना जीवावर येतं. पण हे केल्याशिवाय माशी पोट टेकत नाही. दोन वर्षांपूर्वी तीर्थनच्या एका संथ वळणावर मासा चार वेळा वर आला, माझ्या माशीच्या खाली येऊन थबकला आणि परत गेला. काठावर बसून खालचे तंतू कापले, तीच माशी परत टाकली, आणि त्यानं ती घेतली. एका माशावरून सिद्धांत होत नाही, पण त्या संध्याकाळी घरच्या ग्लासातले ठिपके मला आठवले. फेसाळ, उसळत्या पाण्यात मात्र कापू नका. तिथे तोलून धरणारा प्रत्येक तंतू हवा असतो.

घरी प्रत्येक माशी ग्लासात सोडून खालून बघतो. कलंडते का, पोट टेकतं का, डोकं जड होऊन पुढे वाकतं का, हे तिथेच कळतं.

नदीवर टाकायची ती काठाला. दगडमाशी काठावरून पडते, म्हणून मासा वाकलेल्या झुडपाखाली, कपारीच्या सावलीत वाट बघतो. मधल्या धारेत टाकून दमू नका. दोरीला प्रवाहाची ओढ लागली की माशी पाण्यावर रेघ ओढत घसरते. मेलेल्या किड्याला रेघ नसते. आधी तिला मोकळी वाहू द्या. दोन-तीनदा वाहून गेल्यावर टोकाशी एक हलका झटका द्या, अंडी घालायला आलेली मादी फडफडते तसा. मासा लागला तर हात ओले करून त्याला पाण्यातच धरा, गळ काढा, तोंड प्रवाहाकडे करून तो स्वतः निघेपर्यंत थांबा.

त्याच्या तोंडातला बुळबुळीतपणा माशीला लागलेला असतो. तो धुतल्याशिवाय ती तरंगणार नाही. पाण्यात हलवून खळबळा, रुमालात दाबून टिपा, दोन फुंकरा मारा, पंख बोटानं सपाट करा, आणि परत त्याच काठाला टाका.